चुन्याच्या दगडांपलीकडचे आकाश

रेश्माच्या प्रशिक्षणाच्या वहीत पहिल्या पानावर १२ फेब्रुवारी २०२४ ही तारीख आहे आणि खाली एक वाक्य: ‘आकाश रिकामे दिसते, पण ते वाटलेले असते.’ वाक्य तिचे नाही. प्रशिक्षक शौनक यांनी ते फळ्यावर लिहिले आणि तिने उतरवून घेतले. वहीतील पुढची बासष्ट पाने मात्र तिची स्वतःची आहेत. त्यात वर्तुळे, उंचीचे आकडे आणि रंगीत पेन्सिलींनी भरलेले पट्टे आहेत, आणि शेवटच्या चार पानांवर अक्षांश-रेखांशांचे पंधरा जोड आहेत. ते प्रशिक्षणानंतर अकरा महिन्यांनी लिहिलेले आहेत. ही हकिकत त्या पंधरा जोडांपर्यंत कशी पोहोचली, एवढेच येथे नोंदवायचे आहे.

रेश्माचे माहेर कोल्हारचे. वडिलांची प्रवरेकाठी अडीच एकर पाटाखालची जमीन होती. बारावी विज्ञान शाखेतून झाल्यावर तिचे लग्न खडकदऱ्याच्या कल्याणशी झाले. खडकदरा राहुरी तालुक्याच्या दक्षिणेकडचे कोरडे गाव. गावाच्या पूर्वेला माळ, माळावर अर्ध्या पुरुषाएवढे चुना फासलेले दगड एका रांगेत, आणि दगडांपलीकडे लष्कराचे सरावक्षेत्र. गावात त्याला ‘रेंज’ म्हणतात. सराव असेल त्या दिवशी टेकडीवर लाल निशाण चढते, नसेल त्या दिवशी उतरलेले असते. नवी सून आली की पहिल्या आठवड्यात तिला विहीर, देऊळ आणि ते दगड दाखवतात. रेश्मालाही दाखवले. सासू बनुबाईंनी तेव्हा एवढेच म्हटल्याचे तिला आठवते: “ह्याच्या पल्याड पोरंबाळं न्यायची न्हाईत.”

महिला बचत गटाला फवारणीचा ड्रोन मिळाला, तेव्हा चालवायला कोण, हा प्रश्न एका बैठकीत सुटला. इंग्रजी वाचू शकणारी गटात रेश्माच होती. नगरजवळच्या एका केंद्रात दहा दिवसांचे प्रशिक्षण ठरले.

शौनक नगर शहरातील शिक्षकांच्या घरातले. विमानतळावरील हवाई वाहतूक नियंत्रकाची परीक्षा त्यांनी दोनदा दिली होती आणि दोन्ही वेळा थोडक्यात हुकले होते. त्यामुळे फवारणी करणाऱ्या बायकांना जेवढे आवश्यक, त्याच्या कितीतरी पुढचे ते शिकवत. आकाशाचे वर्ग अक्षरांनी ओळखतात आणि भारतात डी, ई, एफ आणि जी असे चार वापरतात. कोणत्या वर्गात नियंत्रकाची परवानगी लागते, कोणत्या वर्गात तो फक्त सल्ला देतो आणि कोणत्या वर्गात वैमानिकानेच डोळे उघडे ठेवायचे, हे त्यांनी दुसऱ्या दिवशी सांगितले. तिसऱ्या दिवशी विचारले.

“रेश्माताई, डी वर्ग म्हणजे?”

“पाटाचं पाणी, सर.”

वर्ग हसला. शौनक हसले नाहीत. “पुढे बोला.”

“पाटकऱ्याला विचारल्याबगर दारं धरून रानात पाणी घ्यायचं नाही. तो म्हणेल तेव्हा आणि म्हणेल तेवढंच.”

“आणि जी?”

“जी म्हणजे नदीचा डोह. कुणीबी मोटार टाका. शेजारणीचा पाइप कुठं हाय ते आपणच बघायचं. भांडण झालं तर पाटकरी येत नसतो.”

“एफ?”

“पाटकरी बांधावर उभा राहून सांगतो, असं कर, तसं कर. पण ऐकायचंच असा हुकूम नाही.”

राळेगणसिद्धीहून आलेल्या एक बाई मागून म्हणाल्या, “आमच्यात पाटच न्हाई बया. आमी आडवून जिरवतो. आमाला कोन्ता वर्ग लावताय?” यावर शौनकही हसले.

पाटाची ही उपमा त्यांनी पुढच्या तुकड्यांनाही सांगितली, असे ते म्हणतात. उपमा चांगली होती, यात शंका नाही. तिच्यात एक उणीव होती आणि ती तेव्हा कोणाच्याच लक्षात आली नाही. पाटाची हद्द डोळ्यांना दिसते. भराव असतो, दार असते, दारावर आकडा रंगवलेला असतो. कोल्हारच्या मुलीला हद्द म्हणजे जमिनीवर दिसणारी वस्तू, हे शिकवावे लागत नाही. आकाशाच्या हद्दीला असे काही नसते. ती केवळ कागदावर असते, आणि जमिनीवरच्या खुणा तिच्याशी जुळतीलच असे नाही.

ड्रोनसाठी या वर्गांच्या जोडीला आणखी एक, सोपा नकाशा असतो. हिरव्या क्षेत्रात ठरलेल्या उंचीपर्यंत परवानगीशिवाय उडवता येते, पिवळ्यात नियंत्रकाला विचारावे लागते, आणि लाल क्षेत्रात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय पाय ठेवता येत नाही. शिर्डी विमानतळाभोवती आठ आणि बारा किलोमीटरची वर्तुळे काढून मधल्या पट्ट्यात साठ मीटरपर्यंतचे हिरवे आकाश रंगवणे, हा त्यांचा पहिला स्वाध्याय होता. रेश्माने तो दोनदा काढला. पहिल्यांदा तिने अंतर विमानतळाच्या मध्यापासून मोजले होते. ते कुंपणापासून मोजायचे असते हे कळल्यावर सगळे खोडून तिने पुन्हा काढले. अंतिम परीक्षेत ती तुकडीत पहिली आली. शौनक यांनी तिच्या वहीत लाल शाईने लिहिलेला शेरा असा: ‘हद्दीबाबत अत्यंत काटेकोर.’

गावात परतल्यावर दोन महिने काम चांगले चालले. लोक तिला ड्रोनताई म्हणू लागले. सासरे भीमा यांचे वय एकाहत्तर. ते शेळ्या राखत. सुनेचे यंत्र उडताना ते बांधावर बसून पाहत आणि दरवेळी तेच म्हणत, “लई गलका करतंय, पन काम करतंय.”

९ मे २०२४, गुरुवार. निशाण उतरलेले होते. भीमा सकाळी सहाला अकरा शेळ्या घेऊन माळावर गेले. अकराच्या सुमारास शेळ्या एकट्याच परत आल्या. त्या दिवशी तापमान एक्केचाळीस अंशांच्या वर होते. शेळ्या दगडांच्या रांगेतून आल्या हे गावातल्या दोघांनी पाहिले होते. म्हणजे म्हातारा दगडांपलीकडे राहिला, हे उघड होते.

कल्याणचे थोरले भाऊ गहिनीनाथ गावातच वेगळे राहतात. ते धावत अंगणात आले.

“ड्रोन काढ. पाण्याची टाकी रिकामी ठिव, हलकं हुईल. पंदरा मिनिटांत त्याच्या क्यामेऱ्यात आख्खा माळ दिसंल.”

“भाऊजी, दगडांच्या पल्याड लाल हाय,” रेश्मा म्हणाली.

“काय लाल?”

“आभाळ. तिथं उडवायचं न्हाई. गुन्हा हाय.”

“तुझा सासरा पडलाय तिथं आन तू मला रंग सांगतीस?”

तिने नकाशा उघडला नाही असे नाही. मोबाईलवर नेटवर्कची एकच काडी होती. नकाशा अर्धवट उतरला: गावाचे नाव नाही, माळ नाही, फक्त पूर्वेला एक मोठा लाल डाग. डागाची कड नेमकी कोठे आहे, ते त्या चित्रावरून सांगता येण्यासारखे नव्हते. पण कड कोठे आहे हे पाहायची तिला गरजच वाटली नाही. कड अंगणातून दिसत होती, पांढरीशुभ्र. तिने शौनकना फोन लावला. त्या संभाषणाबद्दल दोघांचे म्हणणे सारखेच आहे.

“लाल नक्की?” शौनकनी विचारले.

“नक्की, सर. हद्दीचे दगडच हायेत.”

“मग हात लावू नका. पोलीस ठाण्यात कळवा, ते लष्कराला कळवतील. एकही मिनिट घालवू नका.”

तिने घालवले नाही. पोलीस ठाण्यातील नोंदीत तिच्या फोनची वेळ ११ वाजून ५२ मिनिटे अशी आहे. निरोप पुढे गेला आणि दीड वाजता जवानांची गाडी सरावक्षेत्रात शोध घेऊ लागली. गावकऱ्यांना सांगण्यात आले की, हद्दीत शिरू नका, आत जवान आहेत, तुम्ही बाहेरचा भाग पाहा. गावकऱ्यांनी दगडांपर्यंतचा भाग काट्याकुट्यांसह पाहिला. जवानांनी सरावक्षेत्र संध्याकाळपर्यंत पाहिले. दोघांनीही आपापले काम चोख केले. ड्रोन दिवसभर पडवीत झाकून होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी गहिनीनाथ कोणालाही न विचारता दगड ओलांडून गेले. सहाशे पावलांवर एका ओढ्याच्या कडेला, बाभळीच्या बुडाशी, त्यांना वडील सापडले. दरड उतरताना पाय सटकून खुब्याचे हाड मोडले होते. शवविच्छेदनाच्या अहवालात मृत्यूचे कारण उष्माघात असे आहे आणि वेळ अंदाजे, गुरुवारी दुपारी चार ते सायंकाळी सात.

ही वेळ गावाला लगेच कळली. अकरा ते चार म्हणजे पाच तास, हा हिशोब करायला कोणाला शाळेत जावे लागत नाही. पिठाच्या गिरणीत रेश्मा डबा घेऊन उभी असताना एक बाई दुसरीला, पण तिलाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “सासरा उन्हात आन ड्रोन सावलीत. शिकल्याली सून म्हनत्यात ती हीच.” रेश्माने डबा दळून घेतला आणि घरी आली. पुढे ती दळण कोल्हारला भावाकडे पाठवू लागली.

गहिनीनाथांनी तेराव्यानंतर धाकट्या भावाच्या घरी येणे सोडले. कल्याण बायकोच्या बाजूने उभा राहिला, आणि पूर्णपणे उभा राहिला. पारावर, दूध संकलन केंद्रावर, सोयऱ्यांत, जेथे विषय निघेल तेथे तो एकच सांगे: “लाल म्हंजे लाल. तिनं उडिवलं आसतं आन वर काय झालं आसतं, तर तुमी जेलात गेला आसता का? कायदा हुता. तिनं पाळला.” त्याच्या दुःखाला टेकायला तेवढी एक भिंत होती. घरात रेश्माशी बोलताना तो त्या दिवसाचा उल्लेख करीत नसे, पण तिच्या ताटात आधी वाढले आहे ना, हे पाहत असे.

त्या घटनेनंतर तिच्या कामात एक बदल झाला. कोणाच्याही सांगण्यावर तिने हद्द मानणे सोडले. फवारणीआधी ती शेताच्या चारही कोपऱ्यांवर स्वतः उभी राहते, मोबाईलमधील अधिकृत नकाशा पूर्ण उतरेपर्यंत थांबते आणि प्रत्येक कोपऱ्याचा अक्षांश, रेखांश व रंग फवारणीच्या वेगळ्या वहीत लिहिते. जानेवारी २०२५ मध्ये सहादेव नावाच्या शेतकऱ्याने कांद्यावरच्या फवारणीसाठी तिला बोलावले. त्याचे रान दगडांना लागून आहे.

“लाल भरंल ह्या कोपऱ्याला,” ती आधीच म्हणाली. “दोन वाफे हातपंपानं मारावे लागतील.”

“मारू की,” सहादेव म्हणाला. “तू बघ आधी.”

ती कोपऱ्यावर उभी राहिली. नकाशा उतरला. हिरवा. तिला वाटले, यंत्र चुकते आहे. ती दगडाजवळ गेली आणि दगडाला हात टेकून उभी राहिली. हिरवा. सहादेवला “आलेच” म्हणून ती पलीकडे गेली. शंभर पावलांवर तिने वाचन घेतले, दोनशेवर घेतले. ओढ्याशी, बाभळीच्या बुडाशी घेतले. हिरवा. ती चालत राहिली. लाल रंग सुरू झाला तेथे घाणेरीच्या जाळीत एक सिमेंटचा खांब होता, त्याच्यावर खोदलेला क्रमांक अजून वाचता येत होता. दगडांपासून त्या खांबापर्यंतचे अंतर सुमारे आठशे सत्तर मीटर. प्रशिक्षणाच्या वहीत तिने उतरवलेले पंधरा जोड ते हे.

तलाठी कार्यालयातील नकाशा मी पाहिला आहे. त्यात खांब आहेत, दगड नाहीत. ग्रामपंचायतीच्या दप्तरातही दगडांचा एकही उल्लेख सापडत नाही. जवानांनी खांबांच्या आत शोधले होते आणि गावाने दगडांच्या अलीकडे. मधला पट्टा कोणीच शोधला नाही, कारण तो आपल्या हद्दीबाहेर आहे असे दोघांनाही वाटत होते. त्या पट्ट्यावरचे आकाश त्या गुरुवारी हिरवे होते. ड्रोनला कोणाच्याही परवानगीची गरज नव्हती.

घरी बनुबाई ओसरीवर सुपात तूर पाखडत होत्या. रेश्मा त्यांच्या समोर बसली.

“आत्याबाई, ते दगड कुणी रोवलेत?”

“आमीच की.”

“आमी म्हंजे?”

“तुजा आजेसासरा, आन चार धनगरं. भात्तरच्या दुस्काळाच्या म्होरल्या साली. एका पोरानं रेंजमधनं लोखंडाचा तुकडा आणला आन दगडानं ठोकला. हात गेला त्याचा. सरकारी खांब लई आत हायेत, पोरांना काय दिसत न्हाईत. म्हनून मानसांनी दगड अलीकडं रोवले, पोरं भ्यावीत म्हनून. दर पोळ्याला चुना मीच लावायची.”

“मामांना ठावं हुतं?”

“ठावं नसायला काय. त्यांच्याच बापानं रोवले. शेरडं पल्याडच चरायची.”

रेश्मा म्हणाली, “त्या दिवशी मी अंगणात म्हनलं, दगडांच्या पल्याड लाल हाय. तुमी तिथंच हुता.”

“हुते.”

“मग बोलला का न्हाईत?”

बनुबाईंनी सूप खाली ठेवले. “मला वाटलं, आभाळाची हद येगळी आसंल. तू धा दिस शिकून आल्तीस. पास झाल्तीस. दगडाचं मी तुला काय सांगू?”

हे दोघींनीही मला वेगवेगळ्या दिवशी सांगितले आणि दोन्ही कथनांत फरक नाही. बनुबाईंच्या कथनात पुढचे एक वाक्य अधिक आहे. त्या सुनेला म्हणाल्या, “कल्याणला सांगू नगंस. त्यो त्याच एका बोलावर उभा हाय.”

तीन दिवस रेश्माने सांगितले नाही. चौथ्या दिवशी सकाळी तिने कल्याणला गहिनीनाथांच्या घरी चलायला सांगितले. आठ महिन्यांत दोघांपैकी कोणी तो उंबरा ओलांडला नव्हता. गहिनीनाथ गोठ्यात होते. तिने वही उघडली, पंधरा वाचने दाखवली आणि खांबापाशी काढलेले छायाचित्र दाखवले. समजावून सांगायला तिला पाच मिनिटे लागली. शेवटी ती म्हणाली, “लाल नव्हतं. मी नकाशाची कड बघितली न्हाई. दगडाला हद्द समजले. चूक माझी हाय.”

बनुबाई त्या दिवशी अंगणात काय जाणून होत्या, ते तिने सांगितले नाही.

गहिनीनाथांनी वही हातात घेतली, उलटीसुलटी पाहिली आणि परत दिली. “मी आठ म्हयनं म्हनत हुतो तुझी चूक हाय म्हनून,” ते म्हणाले. “तवा ते खरं हाय का न्हाई मला ठावं नव्हतं. आता तूच आणून दिलंस. आता ह्याचं मी काय करू?”

कल्याण वहीकडे पाहत होता. मग त्याने विचारले, “मंग मी गावभर काय सांगत फिरलो?”

तेव्हापासून भाऊ पुन्हा बोलू लागले. वडिलांचे वर्षश्राद्ध दोघांनी मिळून घातले. गहिनीनाथांची मुले आता कल्याणच्या अंगणात खेळायला येतात. बनुबाईंना वाटते हे बरे झाले, आणि त्या वाटण्याची त्यांना लाजही वाटते. तिनं माझं नाव घेतलं न्हाई, तुमी ल्ह्या, असे त्यांनी मला दोनदा बजावले. रेश्माने दोन्ही वेळा नको म्हटले. बनुबाईंचा शब्द मी पाळला आहे.

ड्रोन शेतावर नेण्याची गाडी कल्याण रेश्माला अजून चालवून देतो. बॅटऱ्या चार्ज करतो, टाकीत औषध मोजून ओततो. फवारणीच्या शेतात दोघे तास-तास शेजारी उभे असतात. तो विचारतो, “वारं किती?” ती सांगते. तो विचारतो, “बॅटरी बदलू?” ती हो किंवा नाही म्हणते. याखेरीज तो तिच्याशी बोलत नाही.